कॉटखालची बॅग

प्रिय मावशी, सलाम.

मी २९ वर्षांचा, मूळचा नगर जिल्ह्यातला. बी.एस्सी. झाल्यावर सहा वर्षांपूर्वी राज्यसेवेच्या तयारीसाठी पुण्यात आलो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. दोनदा पूर्व निघाली, मुख्य नाही निघाली. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. वडील गावाकडच्या शाळेत मास्तर होते, मास्तर म्हणूनच रिटायर झाले. मी सातव्या महिन्यात जन्मलो, जगेन अशी आशा नव्हती, तेव्हा आईने मला देवाला देऊन टाकलं. ती दर फोनला म्हणते, “देवाची तुझ्यासाठी योजना आहे.” तिने पाठवलेल्या कॅलेंडरवरही बायबलमधलं तेच वचन आहे, यिर्मया २९:११. मावशी, खरं सांगतो, मला आता त्या वचनाचा राग येतो.

उपास-प्रार्थना करून झाल्या. डोळे मिटून बायबल उघडून बोट ठेवून पाहिलं, बोट पडलं वंशावळीवर. चर्चच्या मंडळीत सगळे विचारतात, “काय, कधी होणार साहेब?” म्हणून हल्ली उपासनेच्या शेवटच्या आशीर्वादाच्या आधीच बाहेर पडतो. रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. अभ्यासिकेत यवतमाळकडची दोन पोरं आहेत, त्यांना रात्री जेवण झाल्यावर गणित दाखवतो, तेवढा वेळ बरा जातो. एक मित्र म्हणतो, देव बाकीची दारं बंद करतोय कारण त्याला तू सेवेत हवा आहेस, सेमिनरीत, म्हणजे पाळक होण्याच्या शिक्षणाला, जा. जाऊ का? माझ्यासाठी देवाची काय योजना आहे ते ओळखायचं कसं? सहा वर्षं झाली, माझी बॅग अजून कॉटखाली बांधलेलीच आहे.

– दिशा हरवलेला, पुणे

सलाम, बाळा.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू विचारलेल्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी झोपेचं बोलू. मी चौतीस वर्षं मिशन हॉस्पिटलात नर्स होते, त्यामुळे पत्रात “रात्री तीनपर्यंत झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही” असं वाचलं की माझं लक्ष पुढे जातच नाही. हे किती दिवस चाललंय ते तू लिहिलं नाहीस. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील तर डॉक्टरकडे जा, आणि जेवणाचं, झोपेचं, मनाचं सगळं न लपवता सांग. सरकारची टेली मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ वर फोन लावलास तर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हा विश्वासाचा कमीपणा मानू नकोस. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली आडवा पडला आणि म्हणाला, प्रभू, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला तेव्हा योजना सांगितली का? नाही. दूताने निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, होरेब डोंगरावर. रिकाम्या पोटी आणि तीन-तीन तासांच्या झोपेवर माणूस आयुष्याची दिशा ठरवायला बसला की त्याला सगळीकडे अंधारच दिसतो. मी रात्रपाळीला असे कितीतरी जण पाहिले आहेत.

आता तुझ्या रागाकडे वळते. मला तुझा राग पटला. त्या वचनाचा नाही, ते एकटं कापून कॅलेंडरवर लावण्याचा राग यायलाच हवा. हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून तिथल्या राजाला, राजमातेला, सुतार-लोहारांना उचलून बाबेलला नेलं. ती माणसं परक्या गावात बसून एकच विचार करत होती, परत कधी जायचं? तिकडे यरुशलेमेत हनन्या नावाचा संदेष्टा लोकांच्या मनासारखं सांगत होता, दोन वर्षांत ते परत येतील. (“पुढच्या अटेम्प्टला नक्की,” असं तुला सांगणारेही असतीलच.) यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला पत्र पाठवून कळवलं, दोन नाही, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची हाडं तिथेच राहणार होती. आणि मग त्या अकराव्या वचनाच्या कितीतरी आधी, पाचव्यातच, देव सांगतो, घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा. ज्या नगरात मी तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

हे वाचल्यावर अकरावं वचन पुन्हा वाच. ते बॅग उघडलेल्या माणसांना सांगितलेलं आहे. परतीची गाडी कधी येते म्हणून फलाटावर बसून राहिलेल्यांना ते कळणं अवघड आहे.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य म्हणूनच मला लागलं. सहा वर्षं! एका गावात सहा वर्षं राहून तू कपडे बॅगेत ठेवतोस. आधी निकाल लागू दे, मग जगायला सुरुवात करू, असं ठरवून टाकलंस. म्हणजे कॉयरमध्ये गायचं, कुणाशी मैत्री करायची, खिडकीत एखादी तुळस किंवा मोगरा लावायचा, हे सगळं पोस्ट मिळाल्यावर. देवाची योजनाही त्याच यादीत बसवलीस, तीही निकालासारखी एक दिवस वेबसाइटवर लागेल आणि आपण त्यात आपला नंबर शोधू. बाळा, देवाची योजना अशी लागत नाही. ज्यांची आयुष्यं आपण मंडळीत उदाहरण म्हणून सांगतो, त्यांना तरी ती कुठे आधी दिसली होती?

पंडिता रमाबाईंचं घे. त्यांच्या केडगावला तू कधी गेला आहेस का? पुणे-दौंड लोकल तिथे थांबते, जाऊन ये. कोवळ्या वयात आई-वडिलांबरोबर तीर्थं हिंडताना दुष्काळात सापडल्या, आई, वडील, थोरली बहीण, सगळी उपासमारीने गेली. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२मध्ये पती गेले, पदरी लहानगी मनोरमा. तरी ठरवलं की डॉक्टर व्हायचं, आणि १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आपण म्हणू, झालं, आता वाट मोकळी! पण झालं उलटंच. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येऊ लागलं आणि डॉक्टरकी सोडावी लागली. ज्यासाठी सातासमुद्रापार गेल्या तेच दार बंद झालं. मग चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता शिकता संस्कृत शिकवलं. १८८६मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला अमेरिकेला गेल्या, तिथे बालविधवांबद्दल बोलत राहिल्या, लोकांनी ऐकलं, मदत उभी राहिली आणि १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवांसाठी शाळा आणि घर, निघालं.

मला स्वतःला त्यांची सर्वांत जवळची वाटते ती त्यांनीच पुढे साक्षीत लिहिलेली एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं आहे. आठ वर्षं! म्हणजे सदन सुरू झालं तेव्हाही त्यांचा स्वतःचा शोध चालूच होता. तरी त्या मुलींना शिकवत होत्या, हिशेब पाहत होत्या, विरोध सोसत होत्या.

आणि केडगावची जमीन? ती पुढे तिथे उभ्या राहिलेल्या मुक्ती मिशनसाठी घेतलेलीच नव्हती. सदनाच्या खर्चाला हातभार म्हणून फळबाग लावायला घेतली होती. १८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. भुकेल्या मुली पाहिल्या, आणि त्या भुकेची ओळख त्यांना कुणी करून द्यावी लागली नाही. शेकडो मुली आणल्या. ठेवायच्या कुठे? ती फळबागेची जमीन होती ना, तिथे. डॉक्टरकी सुटली तेव्हा, बाग लावली तेव्हा, कोवळ्या वयात रानात उपाशी पडल्या तेव्हा यातलं काहीही त्यांना दिसत नव्हतं. बाग मात्र लावलेली होती. पुढे त्यांनी अख्खं बायबल हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलं. मुक्तीतल्याच मुलींनी छपाईचे खिळे जुळवून ते छापलं. १९२४मध्ये ते पुस्तक बाहेर आलं तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

तू म्हणशील, मी कुठे, रमाबाई कुठे. मग लहान गोष्ट सांगते. मला शिक्षिका व्हायचं होतं. घरात खाणारी तोंडं जास्त, नर्सिंगला विद्यावेतन मिळायचं, म्हणून वडिलांनी तिकडे घातलं. पहिली तीन वर्षं मी हॉस्टेलच्या मोरीत नळ सोडून रडायचे. देवा, हीच का तुझी योजना, असं विचारायचे आणि उत्तर यायचं नाही. त्या काळात ऊसतोडीच्या टोळीतली एक म्हातारी मेडिकल वॉर्डात होती, अर्धं अंग गेलेलं. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, स्पिरिट चोळायचं, पावडर लावायची, चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही, नाहीतर जखम होते. मी ते तोंड पाडून करायचे. एका पहाटे पाठीला हात लावला तर ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, “आलीस व्हय?” एवढंच. तिला चेहरा दिसत नव्हता, ती माझा हात ओळखत होती. त्या क्षणी आकाश उघडलं वगैरे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी नळ सोडून रडले नाही, हे खरं. हेच माझं पाचारण, देवाची हाक, असं मी मोठ्याने म्हणाले ते त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी, नव्या मुलींना तेच पाठीचं काम शिकवताना. शिक्षिका व्हायची इच्छाही तशी वाया गेली नव्हती.

पण पाचारणाच्या आधी आणखी एक गोष्ट येते, आणि तुझ्या पत्रात ती कुठेच नाही. तू स्वतःबद्दल लिहिलंस ते सगळं पूर्व, मुख्य, अटेम्प्ट. तू कोण, याचं उत्तर आयोगाच्या यादीवर सोपवून मोकळा झालास. लूकच्या शुभवर्तमानात सत्तर शिष्य हर्षाने परत येतात, प्रभू, तुझ्या नावाने भुतंसुद्धा आम्हाला वश झाली! आणि येशू म्हणतो, त्याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत याचा आनंद करा. पास झालेल्यांना तो हे सांगतोय, हे लक्षात घे. यश आलं त्या दिवशीही ती दुसरी यादी मोठी. मग यश आलं नाही त्या दिवशी ती लहान कशी होईल? खुद्द येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा त्याच्या नावावर एक चमत्कार नव्हता, एक उपदेश नव्हता. सुमारे तीस वर्षांचा होता, तुझ्याच वयाचा, नासरेथच्या सुताराचा मुलगा. तेव्हाच आकाशातून वाणी झाली, तू माझा पुत्र, मला परमप्रिय. आधी हे, काम नंतर. तू सातव्या महिन्यात काचेच्या पेटीत होतास आणि तुझ्या आईने तुला देवाच्या हातात दिलं तेव्हा तिने पोस्ट ठरवून दिली नव्हती. तिला फक्त तू हवा होतास. देवालाही.

आता ओळखायचं कसं, ते. डोळे मिटून बोट ठेवणं सोड. पवित्र शास्त्र चिठ्ठी काढायला दिलेलं नाही. रोज थोडं, सलग वाच. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू कर, सोळाच अध्याय आहेत. येशू कुणाकडे थांबतो, कुणाकडे वळून बघतो, एवढंच पाहत जा. त्याच्याबरोबर राहून त्याची पावलं अंगवळणी पडतात, तेव्हा अमुक ठिकाणी तो काय करेल हे हळूहळू कळायला लागतं.

दुसरं, एकट्याने ओळखू नकोस. तुझ्या आईची, आपला मुलगा शमुवेल देवाला देणाऱ्या हन्नाशी तुलना मंडळीत कुणीतरी केलीच असेल. पण शमुवेलाची पुढची गोष्ट बघ. देवाने तीनदा हाक मारली आणि तिन्ही वेळा तो पोरगा धावत गेला म्हाताऱ्या याजक एलीकडे, मला बोलावलंत ना? हाक देवाची आहे हे त्याला कळलंच नाही. कळलं ते एलीला, ज्याला धड दिसत नव्हतं आणि ज्याची स्वतःची मुलं वाया गेली होती त्या म्हाताऱ्याला. तुला असा एक एली हवा. पाळकसाहेब असतील, नाहीतर मंडळीतली एखादी आजी असेल. पण तू आशीर्वादाच्या आधीच पळतोस, मग तो भेटणार कधी? “कधी होणार साहेब” विचारणाऱ्यांना सरळ सांग, अजून झालो नाही, माझ्यासाठी प्रार्थना करा. पहिल्या वेळी जीभ अडखळेल. दुसऱ्या वेळी कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल.

दारं बंद म्हणजे देव सेवेत बोलावतो, हा मित्राचा हिशेब मला मान्य नाही. परीक्षा न निघणं हे सेमिनरीचं प्रवेशपत्र नाही. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी तुझ्या खोलीपासून रिक्षाच्या अंतरावर आहे. हवं तर जाऊन तिथल्या मुलांशी बोल, वातावरण बघ. पण अर्ज करायच्या आधी स्वतःला विचार, उद्या मुख्य परीक्षा निघाली तरी मला हेच हवं असेल का? उत्तर नाही असेल तर ती सेवा नव्हे, आडोसा आहे, आणि आडोशाला आलेला पाळक मंडळीला जड जातो. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट आपण अशी सांगतो, की रेल्वेत एक अनोळखी साहेब भेटला, त्याने नवा करार हातात ठेवला आणि झालं. मधलं गाळतो. मधे वाचन होतं, शंका होत्या, पत्नी लक्ष्मीबाई दुरावतील ही भीती होती. बाप्तिस्मा झाला फेब्रुवारी १८९५मध्ये. आणि १९१७मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. पंचावन्नाव्या वर्षीही पुढची वाट नव्यानेच काढावी लागली. तू एकोणतिसाव्या वर्षी हरलो म्हणतोस.

परीक्षेचं. ती सोड असं मी म्हणणार नाही, धर असंही नाही. पण खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ आहे, म्हणजे पुरे असं आयोग तुला आणखी नऊ वर्षं सांगणार नाही. ते तुलाच सांगावं लागेल. वडिलांसमोर बसून ठरव, आणखी किती वेळा, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि कागदावर लिही. तोवर दिवसातले चार तास तरी कमाईचं काम कर. महिन्याच्या मेसचे पैसे स्वतःच्या हातचे असले की अभ्यासालाही माणूस वेगळा बसतो.

आणि शेवटी ती यवतमाळची पोरं. सबंध पत्रात बरा वेळ म्हणून तू लिहिलेली ती एकमेव जागा, आणि ती तू एका ओळीत उरकलीस. मला तिच्याबद्दल अजून ऐकायचं आहे. कोणतं गणित अडतं त्यांचं, काळ-काम-वेग की टक्केवारी? समजलं की त्यांचा चेहरा कसा होतो? त्यांच्याबरोबर जेवतोस का? तू मास्तर व्हावंस असं यावरून मी ठरवत नाही, तेवढी घाई कुणीच करू नये. पण बाबेलच्या लोकांना सांगितलेला मळा तुझ्या बाबतीत कुठे असेल तर मी तिथे आधी शोधेन. बी.एस्सी.वर बी.एड.ची सीईटी देता येते, एवढं माहीत असू दे. “मास्तर म्हणूनच रिटायर झाले” यातला तो “च” मात्र मला टोचला. वडिलांना या आठवड्यात फोन लाव, पैशांचं किंवा निकालाचं बोलू नकोस. नोकरीच्या पहिल्या वर्षी वर्गात किती पोरं होती, कुणाला काही येत नव्हतं, मग त्यांनी काय केलं, हे विचार. मधे बोलू नकोस, ऐक.

आईवर चिडू नकोस. तिला सांग, कॅलेंडर राहू दे, फक्त त्या अध्यायाचं पाचवं वचन मला फोनवर वाचून दाखव. ती वाचेल.

आज रात्री पोरांचं गणित झालं की कॉटखालून बॅग काढ. कपडे खुंटीला लाव, चादर धुवायला टाक. खुंटी नसेल तर घरमालकांना विचारून एक ठोकून घे. रविवारी आशीर्वाद होईपर्यंत थांब, आणि त्या दोघांचं गणित कुठवर आलं ते मला लिहून कळव. त्यांची नावंही कळव, म्हणजे मला नाव घेऊन प्रार्थना करता येईल.

तुझी,
मावशी